फोन कोणाच्या हाती, निवड कोणाच्या हाती?

जुन्या काळी तिजोरीची चावी मालकाच्या कनवटीला असे आणि वह्या दिवाणजींच्या स्वाधीन असत. कोणास काय पाहण्याची मुभा आहे, हे पेढीवरील प्रत्येकास ठाऊक असे. आज उधारीची खतावणी, भावांची यादी, ग्राहकांचे पत्ते आणि बँकेचा व्यवहार हे सारे संगणकात आणि खिशातील फोनमध्ये आले आहे. त्याबरोबर चाव्यांचा ताबाही तिसऱ्याच माणसाकडे गेला आहे. मोठ्या कंपनीत त्याला आयटी विभाग म्हणतात. पेढीवर तो आठवड्यातून एकदा येणारा ‘संगणकवाला’ असतो. तक्रार मात्र दोन्हीकडे सारखीच ऐकू येते. काम करणाऱ्याला हवे ते मिळत नाही आणि नको ते त्याच्या गळ्यात पडते.

नोकरीनिमित्त पुण्या-बंगळुरूस गेलेली मुले-मुली सुट्टीत घरी येतात आणि सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला सारे घर एकत्र बसते, तेव्हा दोन विषय हटकून निघतात. पहिला आयफोन चांगला की अँड्रॉइड, हा. या वादात काका-पुतणे दोन पक्षांत वाटले जातात. दुसरा विषय कंपनीच्या आयटी विभागाचा. ऐन बैठकीत लॅपटॉप स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होतो, दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलावा लागतो, एखादे साधे सॉफ्टवेअर हवे असले तरी तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा लागतो आणि मग वाट पाहावी लागते. या दुसऱ्या विषयावर मात्र पक्ष पडत नाहीत. सर्वांचे एकमत असते.

वरवर पाहता हे दोन विषय निराळे आहेत. परंतु मोबाइलच्या धंद्याचा गेल्या २५ वर्षांचा इतिहास पाहिला, तर ते एकमेकांत गुंतलेले दिसतात. एक बलाढ्य कंपनी या धंद्यातून उठली, त्याच्या कारणांत आयटी विभाग आणि सामान्य कर्मचारी यांच्यातील ही ओढाताणही होती. व्यापारी घराण्यांनी ती हकिकत जाणून घ्यावी अशीच आहे.

कॅनडातील वॉटरलू या गावी १९८४ मध्ये माइक लझारिडिस आणि डग्लस फ्रेगिन या दोन तरुणांनी ‘रिसर्च इन मोशन’ ही कंपनी काढली. १९९२ मध्ये जिम बाल्सिली हे व्यवहार पाहण्यासाठी त्यांना येऊन मिळाले. एक भागीदार यंत्र जाणणारा आणि दुसरा बाजार जाणणारा, अशी ही जोडी जमली. १९९९ मध्ये त्यांनी ‘ब्लॅकबेरी’ नावाचे, खिशात मावणारे आणि ई-मेल दाखवणारे यंत्र बाजारात आणले. बोटांनी टंकता येईल असा छोटा कीबोर्ड, दीर्घकाळ चालणारी बॅटरी आणि पत्र येताक्षणी ते हातात पोहोचवण्याची सोय, हे तिचे गुण. वकील, दलाल, बँकवाले आणि मंत्री यांच्या हाती ती दिसू लागली. २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही बराक ओबामा यांनी आपली ब्लॅकबेरी सोडली नाही.

या यशामागे एक बारकावा होता. ब्लॅकबेरी वापरत असे कर्मचारी, पण तिची निवड करीत असे कंपनीचा आयटी विभाग. ब्लॅकबेरीने या विभागाला एक खास सर्व्हर दिला होता. तो कंपनीच्या आवारात बसवला जाई आणि तेथून प्रत्येक हँडसेटवर हुकूम सोडता येई. कॅमेरा बंद करा, पासवर्ड सक्तीचा करा, अमुक प्रकारचे सॉफ्टवेअर घालू देऊ नका, असे शेकडो नियम एका खुर्चीवर बसून लावता येत. फोन हरवला तर त्यातील सारा मजकूर दुरूनच पुसता येई. संदेश सांकेतिक रूपात जात असल्याने वाटेत कोणी वाचण्याची भीती नव्हती. आयटी विभागाला याहून अधिक काय हवे होते? त्याने मान्यता दिली आणि एकेका कंपनीकडून शेकडो, हजारो यंत्रांच्या मागण्या येऊ लागल्या.

९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे आयफोन जगासमोर ठेवला आणि २९ जूनपासून तो अमेरिकेत विकला जाऊ लागला. किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर, आणि त्यावर कीबोर्ड नव्हता. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी मुलाखतीत या किमतीची हसून थट्टा केली; कीबोर्ड नसल्याने व्यावसायिकांना हा फोन रुचणार नाही, असा त्यांचा होरा होता. आयटी विभागांनीही नकार दिला आणि न्यायाने पाहता तेव्हा तो नकार योग्यच होता. पहिल्या आयफोनमध्ये कंपनीच्या ई-मेल व्यवस्थेशी नीट जोडणी नव्हती आणि हरवलेला फोन दुरून पुसण्याची सोयही नव्हती. नियमांच्या कसोटीवर तो नापास होता.

परंतु फोन घरी आला होता. घरच्या फोनवर छायाचित्रे, नकाशे आणि इंटरनेटची पाने बोटाच्या स्पर्शाने उलगडू लागली; कार्यालयाने दिलेला फोन मात्र पत्रे दाखवण्यापलीकडे फारसे सुखाने काही करीत नव्हता. लोक दोन फोन बाळगू लागले. मग वरिष्ठ अधिकारीच आपला फोन घेऊन आयटी विभागात गेले आणि यावर कार्यालयाची पत्रे येऊ द्या, असे सांगू लागले. शिपायाला नाही म्हणता येते. साहेबाला म्हणणे कठीण असते. ॲपलनेही आक्षेप ध्यानात घेतले. जुलै २००८ मध्ये कार्यालयीन ई-मेलची जोडणी आणि दुरून मजकूर पुसण्याची सोय आली, ॲप स्टोअरही त्याच महिन्यात उघडले आणि २००९ च्या नव्या फोनमध्ये साठवलेला मजकूर सांकेतिक रूपात ठेवण्याची व्यवस्था झाली. २००८ च्याच अखेरीस गूगलच्या अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन बाजारात आला आणि पाहता पाहता स्वस्त-महाग सर्व थरांत ती प्रणाली पसरली. आयटी विभागाच्या हरकती एकेक करून निकाली निघाल्या. कर्मचाऱ्याने स्वतःचाच फोन कामासाठी वापरावा, ही रीत हळूहळू मान्य झाली.

ब्लॅकबेरीला हे दिसले कसे नाही? कारण तिची विक्री वाढतच होती. २००७ च्या आरंभी तिचे सुमारे ८० लाख ग्राहक होते. २०१२ मध्ये ते सुमारे ८ कोटी झाले. जगातील नव्या देशांतून मागणी येत होती, भारतातही तरुणांत तिच्या संदेशसेवेची आवड निर्माण झाली होती. गल्ला भरत असताना पाया खचतो आहे, हे ओळखणे भल्याभल्यांना जमत नाही. २००८ मध्ये घाईने आणलेला तिचा स्पर्शपडद्याचा ‘स्टॉर्म’ हा फोन सदोष निघाला. २०११ मध्ये आलेल्या टॅबलेटमध्ये स्वतंत्र ई-मेलची सोयच नव्हती. ज्या कंपनीची कीर्ती ई-मेलवर उभी होती, तिच्याकडून ही चूक घडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिची सेवा अनेक दिवस कोलमडली. सर्व संदेश कंपनीच्याच जाळ्यातून जात असल्याने युरोप, आखाती देश, भारत आणि पुढे अमेरिका येथील ग्राहकांना एकाच वेळी फटका बसला. विश्वासार्हता हा जिचा मुख्य माल, त्या दुकानातच तो संपल्यासारखे झाले.

जानेवारी २०१२ मध्ये दोन्ही प्रमुख पायउतार झाले. २०१३ मध्ये नव्या प्रणालीचा फोन आला, पण तो गोदामात पडून राहिला. न विकलेल्या मालापोटी सुमारे ९३ कोटी डॉलरांचा तोटा नोंदवावा लागला आणि ४,५०० नोकऱ्या गेल्या. २०१६ मध्ये कंपनीने स्वतः फोन बनवणे थांबवले आणि सुरक्षिततेच्या सॉफ्टवेअरच्या धंद्याकडे लक्ष वळवले. ४ जानेवारी २०२२ रोजी जुन्या ब्लॅकबेरी फोनची सेवा कायमची बंद झाली.

व्यापारी माणसाला यातील दोष चटकन कळतो. शाळेचा गणवेश विकणारा कापडव्यापारी मुख्याध्यापकांना खूश ठेवतो, कारण मागणीपत्रावर सही त्यांची असते. परंतु ते कापड अंगावर चढते मुलाच्या. ते टोचू लागले, पहिल्या धुण्यातच रंग सोडू लागले, तर आज ना उद्या आईबाप शाळेत येतात आणि ती सही दुसऱ्याच्या मागणीपत्रावर होते. ब्लॅकबेरीने सही करणाऱ्याला सांभाळले. अंगावर घालणाऱ्याकडे तिचे पाहायचे राहून गेले.

येथवर वाचून सारा दोष आयटी विभागावर टाकण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने सुमारे १५० देशांतील संगणक बंद पाडले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या फटीतून हे संकट शिरले, ती बुजवणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्च महिन्यात दिली होती. अनेक ठिकाणी ती बसवलीच गेली नव्हती. ऐन कामात लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू होतो, तेव्हा होणारी चिडचिड खरी आहे. पण त्या पाच मिनिटांत पुष्कळदा अशीच एखादी फट बुजवली जात असते. आयटी विभागाचे काम घरच्या गृहिणीसारखे असते. सारे सुरळीत चालले तर कोणाच्या लक्षात येत नाही; एक दिवस बिघडले की प्रत्येक जण बोलतो.

तथापि या विभागाचे नियमही तपासून पाहावे लागतात. पासवर्डचेच उदाहरण पाहावे. २००३ मध्ये अमेरिकेच्या प्रमाणविषयक सरकारी संस्थेतील बिल बर यांनी एक मार्गदर्शिका लिहिली. पासवर्डमध्ये अक्षरे, अंक आणि चिन्हे यांची सरमिसळ असावी आणि तो ठरावीक काळाने बदलावा, असा सल्ला त्यातून जगभर पसरला. प्रत्यक्षात लोक काय करू लागले? जुन्याच शब्दाच्या शेवटी १ होते, तेथे २ लिहू लागले. आणि लक्षात राहीना म्हणून चिठ्ठीवर लिहून ती पडद्याला चिकटवू लागले. तिजोरीला नवे कुलूप घालून किल्ली त्याच कडीला अडकवावी, तसे हे झाले. २०१७ मध्ये त्या संस्थेने आपला सल्ला बदलला: पासवर्ड लांब पण लक्षात राहील असा असावा आणि तो फुटल्याचा संशय असेल तेव्हाच बदलायला लावावा. त्याच वर्षी, निवृत्त झालेल्या बर यांनी आपल्या जुन्या सल्ल्यातील बऱ्याच भागाबद्दल खेद व्यक्त केला. चूक मान्य करण्याचा हा मोठेपणा अनुकरणीय आहे. तरीही अनेक कार्यालयांतून ९० दिवसांचा तो जुना नियम आजही हटलेला नाही, कारण तो का घातला होता हे विचारणाराच कोणी उरलेला नाही.

आपल्या पेढ्यांना ही गोष्ट लांबची वाटू नये. पेढीच्या संगणकावर बिल काढण्यास दहा मिनिटे लागतात म्हणून विक्रीचा मुलगा स्वतःच्या फोनवर भाव लिहितो आणि व्हॉट्सॲपवर ग्राहकाला पाठवतो. ग्राहक खूश, मालकही खूश. दोन वर्षांनी तो मुलगा नोकरी सोडतो आणि सारे ग्राहक, त्यांचे भाव, त्यांच्या उधारीच्या सवयी त्याच्या खिशातून निघून जातात. येथे मुलाने बेइमानी केली, असे म्हणणे सोपे आहे. परंतु पेढीने दिलेले साधन त्याच्या कामाला पुरे पडत नव्हते, हा दोष त्याआधीचा आहे. नुसता हुकूम काढून अशी पळवाट बंद होत नाही. सरळ वाट सोयीची केली, तरच ती बंद होते.

म्हणून पेढीच्या ग्राहकांशी बोलणारा क्रमांक पेढीच्या नावावर असावा. प्रत्येक माणसाचा प्रवेश त्याच्या स्वतःच्या नावाने असावा, सर्वांना ठाऊक असलेल्या एकाच पासवर्डाने नसावा. मग कोणी सोडून गेले तर तेवढे एक दार बंद करता येते. हिशोबाची प्रत दुसरीकडे ठेवावी आणि वर्षातून एकदा तरी ती उघडते की नाही हे पाहावे, कारण न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच. नवे सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी ते रोज वापरणाऱ्या दिवाणजींना आठ दिवस वापरून पाहू द्यावे. विक्रेत्याच्या गोड बोलण्यापेक्षा त्यांचे मत अधिक मोलाचे असते. आणि संगणकवाल्यालाही महिन्यातून एक दिवस गर्दीच्या वेळी गल्ल्यावर बसवावे. ग्राहक समोर उभा असताना पडदा अडकला म्हणजे काय होते, ते त्याला त्याशिवाय कळणार नाही.

जेवणाच्या पाटावरचा आयफोन की अँड्रॉइड हा वाद मुलांनी खुशाल घालावा. त्यातून कोणाचे नुकसान नाही. मात्र दुसरा विषय निघाला की घरातील वडीलधाऱ्यांनी जरा कान देऊन ऐकावे. कंपनीत मुलाला जे सोसावे लागते, तेच आपल्या पेढीवर दुसऱ्याच्या मुलाला सोसावे लागत नाही ना, हे दुसऱ्या दिवशी सकाळी पेढी उघडताच त्यालाच विचारून पाहावे.