तांदूळ आमचा, नाव घड्याळाचं

गोंदियाच्या बाजारात जा. राईस मिलमधून निघालेल्या पोत्यांवर छापलेलं असते : एच.एम.टी. गिऱ्हाईक म्हणते, वा, काय बारीक दाणा! पण हा दाणा शोधला कोणी, हे कोणी इचारते का?

दोस्तहो, तो शोधला आपल्याच धानपट्ट्यातल्या एका दलित शेतकऱ्याने. दादाजी खोब्रागडे. गाव नांदेड, तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर. शिक्षण तिसरी. जमीन दीड एकर. १९८३ साली 'पटेल ३' धानाच्या बांधीत त्यांना वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या. वर्षामागून वर्षं. हेच साहेबाने केलं की संशोधन. आमच्या माणसाने केलं की योगायोग!

आता नावांचा हिशेब मांडा. 'पटेल ३' काढणारे जबलपूरचे शास्त्रज्ञ डॉ. पटेल. त्यांचं नाव बियाण्याला लागलं. खोब्रागडेंच्या बियाण्याला मात्र १९९० साली व्यापाऱ्याने नाव दिलं मनगटावरच्या घड्याळाचं! १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बी प्रयोगासाठी नेलं. १९९८ मध्ये तेच 'पीकेव्ही-एच.एम.टी.' म्हणून बाहेर आलं. का, तर म्हणे आम्ही ते शुद्ध केलं. शुद्ध! हा शब्द आमच्या चांगला ओळखीचा आहे.

२००५ साली राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार. २०१० साली 'फोर्ब्स'च्या यादीत नाव. आणि ३ जून २०१८ ला हा माणूस हलाखीतच गेला.

व्यापाऱ्याला नफा, मिलवाल्याला धंदा, विद्यापीठाला वाण. रोवणी करणाऱ्या बाईच्या ताटात कनकी. अन् ह्याले म्हणतात सहकार्य!

दादाजींनी बी मोकळ्या हाताने वाटलं, म्हणूनच ते पसरलं. ते बरोबरच होतं. ज्ञान कुलपात ठेवणाऱ्यांनी आमचे काय हाल केले ते आम्ही विसरलो नाही. आम्हाला तसं व्हायचं नाही. पण देणाऱ्याचं नाव कागदावर पाहिजे, अन् कमाईत वाटा पाहिजे.

२००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्यालाही आपला वाण नोंदवू देतो. तेव्हा गोंदियातल्या शिकलेल्या पोरांनो, नुसत्या घोषणा पुरे. आपल्या बाप-आज्याने निवडून ठेवलेलं बी गावोगाव शोधा, त्याची नोंद करा. कोणी साहेब प्रयोगासाठी मूठभर मागायला आला तर जरूर द्या. पण आधी कागद पुढे करा.

आमच्या अंगठ्यांचे दिवस गेले. आता सही त्यांची घ्यायची.