रूळ राहिले, कॅसलरॉक गेले

परवा कार्यालयात चहाच्या वेळी पुन्हा तोच वाद. घाटातली रेल्वे दुपदरी झाली की आजूबाजूची गावे सुधारतील, असे आमचे एक सहकारी ठासून सांगत होते. मी त्यांना एवढेच विचारले, मग कॅसलरॉक कुठे गेले?

स्टेशन आहे हो, उत्तर कन्नड जिल्ह्यात, अजून आहे. घाट उतरण्याआधी ब्रेक तपासायला गाड्या तिथे आजही थांबतात. पण आमच्या आजोबांच्या पिढीचे कॅसलरॉक निराळे. मुंबईहून पुणे, बेळगाव, लोंढा करत इथे पोचायचे, आणि इथे ब्रिटिश हिंदुस्थान संपायचा. ट्रंका उघडा, वळकट्या सोडा! खाली कुळ्याला पोर्तुगिजांपुढे पुन्हा तेच. त्या खोळंब्यावर हमाल, शिपाई, खानावळवाले जगत. आणि कारकून! (आमच्या जातीच्या माणसांनी गाव वसवल्याचे असे दाखले थोडेच.)

‘पोर्तुगिजांनी आम्हाला रेल्वे दिली’ असे म्हणणाऱ्यांची तर मला कीव येते. 1878 च्या तहाने गोव्याचे मीठ इंग्रजांच्या ताब्यात गेले. बदल्यात पोर्तुगिजांना वर्षाला 4 लाख रुपये मिळत. रेल्वे कंपनीला दिलेल्या व्याजाच्या हमीपायी तो पैसा गेला. म्हणजे किंमत मोजली आमच्या मिठागरांनी. 1888 मध्ये गाडी घाट चढली. 1892 मध्ये तह संपला, जकातीची भिंत पुन्हा उभी राहिली, आणि त्या भिंतीवरच कॅसलरॉक पोसले गेले.

1955 च्या सत्याग्रहानंतर सरहद्द बंद झाली. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा तपासण्यासारखे काही उरलेच नाही. ते गेले हे चांगलेच झाले. पण रूळ तर तिथेच होते ना? नव्वदच्या दशकात ते रुंदही झाले. गाव का नाही परतले? कारण तिथली भाकरी रुळांनी कधी दिली नव्हती, कस्टमच्या कचेरीने दिली होती.

दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने 9 मे 2022 रोजी रद्द केली, तरी ‘विकास अडला’ ही ओरड चालूच आहे. कोणाचा विकास? मुरगावहून वर जाणाऱ्या कोळशाच्या वाघिणीतून घाटातल्या कुठल्या गावात पोते तरी उतरणार आहे?

सहकाऱ्यांनी कप खाली ठेवला आणि फाईल पुढे ओढली.