आपली मुलं फक्त डाउनलोडच करणार का?

मोहोळ तालुक्यातली आपली मुलं आज मोबाइलवर अभ्यास करतात. पण त्या मोबाइलवरचे धडे तयार कोण करतं?

आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात विद्यार्थी एक पाठ्यपुस्तक निवडतात. त्यातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कोड करून मांडतात. तपासणारे चुका दाखवतात, काम स्वीकारलं गेलं की मानधन मिळतं आणि तयार साहित्य सर्वांना खुलं होतं. शिकणाराच इथे शिकवण्याचं साहित्य घडवतो, हे आम्हाला मोलाचं वाटतं. पण ही वाट मुख्यतः अभियांत्रिकीची आणि इंग्रजीची. बी.ए. करणाऱ्या आपल्या मुलीला तिचा फारसा उपयोग नाही.

मराठीत तर काम पडून आहे. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन 1 जानेवारी 2017 पासून स्वामित्वहक्कातून मोकळं झालं. 31 जानेवारी 1920 रोजी सुरू झालेल्या ‘मूकनायक’मधला मजकूर टाइप करणं, तपासून मराठी विकिस्रोतावर आणणं, शाळकरी मुलांसाठी त्यावर टिपा लिहिणं तिला नक्की जमेल. फक्त शंभर वर्षांपूर्वीची मराठी समजावणारा मार्गदर्शक सोबत हवा.

आणि पैसे? 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना महिना 10,000 रुपये विद्यावेतन ठरलं. बार्टीने असे प्रशिक्षणार्थी मागून घ्यावेत, मार्गदर्शक नेमावेत. ‘समाजाचं काम’ म्हणून हे फुकटात मुलांच्या माथी मारू नये. शेतमजुराच्या घराला ते परवडत नाही. सुरुवात तालुक्याच्या एखाद्या अभ्यासिकेत दोन संगणकांवरही होऊ शकते.