मसाल्यांना किरणांचे भय नको

एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाल्यांवर हरकत घेतली, ती इथिलीन ऑक्साइडच्या अंशांमुळे. जंतू मारणारा हा वायू कर्करोगकारक आहे. युरोपात खाद्यपदार्थांसाठी त्याला बंदी आहे. याला पर्याय आपल्या दारातच आहे. नवी मुंबईत वाशी येथे २००० सालापासून मसाल्यांवर गॅमा किरणांची प्रक्रिया होते.

जंतूंचा प्रश्न खरा आहे. उघड्यावर वाळणाऱ्या मिरचीवर धूळ बसते, पाखरांची विष्ठा पडते. साल्मोनेला कोरड्या पुडीत महिनोन्‌महिने तग धरतो. फोडणीत तो मरेलही. पण ताकात घातलेली जिरेपूड, काकडीवर भुरभुरलेली मिरपूड शिजते कुठे? वाफ दिली तर मसाल्याचा वास आणि रंग उतरण्याची भीती. कोबाल्ट-६० मधून निघणारे हे गॅमा किरण मात्र बंद पोत्यातून आरपार जाऊन जंतूंचा डीएनए तोडतात. माल फारसा तापत नाही आणि किरणोत्सारी तर मुळीच होत नाही.

बुरशीने आधीच सोडलेले अफ्लाटॉक्सिन हे विष मात्र या प्रक्रियेने नष्ट होत नाही. त्यामुळे ओलसर, बुरसट माल खपवण्यासाठी ही प्रक्रिया कुणी वापरता कामा नये. शेतकऱ्याला वाळवणासाठी स्वच्छ ओटे आणि ताडपत्री आधी मिळायला हवी, आणि मिरची-हळदीच्या मोठ्या बाजारपेठांजवळ सरकारने किरण-प्रक्रियेची केंद्रे उभारावीत.

प्रक्रिया केलेल्या पाकिटावर तशी नोंद आणि हिरवे बोधचिन्ह बंधनकारक आहे. ते दिसले म्हणून पाकीट परत ठेवू नका.