हँडल बदला, पण आधी मोजा!

होस्टेलच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. कंपनीतून आली तशी गाडी शोधून सापडत नाही. कोणाचा सायलेन्सर बदललेला, कोणाचे आरसे गायब, आणि आता नवीन फॅड म्हणजे हँडल. सरळ दांड्यासारखं नाहीतर रेसिंगवालं क्लिप-ऑन हँडल लावलं की साधी गाडीसुद्धा एकदम रेसर! शौकाला माझा विरोध नाही. पण इंजिनिअरिंगच्या पोरांनी हे काम नुसत्या अंदाजाने करावं, याला आहे.

फर्स्ट इयरला आपण फिट आणि क्लिअरन्स शिकतो, पेपरात आकृतीसह लिहितो आणि स्वतःच्या गाडीवर विसरतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या हँडलची नळी २२ मि.मी.ची असते. त्यामुळे दुसऱ्या गाडीचं हँडलही क्लॅम्पमध्ये आरामात बसतं. बोल्ट आवळले, झालं काम! पण बसलं म्हणजे जमलं असं नाही. खरा प्रॉब्लेम हँडल पूर्ण वळवल्यावर कळतो.

बुटकं हँडल टाकीला लागतं. टाकीला पोचा पडला तर पैशांवर भागतं. पण भोकरच्या बाजारात, हातगाडे आणि उसाचे ट्रॅक्टर यांच्यामधून गाडी वळवताना अंगठा टाकी आणि हँडलमध्ये चेंगरला, तर हात सुटतो आणि गाडी आडवी होते.

उंच हँडलची तऱ्हा वेगळी. ॲक्सिलरेटरची केबल जुन्याच मापाची. हँडल वळवलं की ती ताणली जाते, रेस आपोआप वाढते आणि ऐन वळणावर गाडी पुढे उडी मारते. डिस्क ब्रेकचा पाइप ताणला गेला तर विचारायलाच नको.

मग जुगाड सुरू. हँडल टाकीला लागू नये म्हणून स्टॉपरवर वेल्डिंगचा ठिपका द्यायचा. टाकी वाचते, पण हँडल कमी वळतं आणि यू-टर्नला अख्खा रस्ता लागतो. शिवाय हँडल लॉक पूर्ण वळल्यावरच बसतं, ते आता बसणारच नाही. चोराला आयतं आमंत्रण!

कायदाही आहेच. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड होऊ शकतो, कैदसुद्धा. पण दंडाच्या भीतीने नको, जिवासाठी तपासा.

भोकरला आमच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, शिक्षण सातवी. हँडल कुठलंही असो, ते गाडी मेन स्टँडवर घेतात, इंजिन चालू ठेवतात आणि हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवतात. रेस हलता कामा नये, मूठ धरलेला हात टाकीला लागता कामा नये, एकही केबल किंवा वायर ताणता कामा नये. यातलं एक जरी चुकलं, तर वेगळ्या वळणाचं हँडल किंवा योग्य लांबीची केबल. तेही जमत नसेल, तर सरळ जुनं हँडल परत. पाच मिनिटांचं काम!

आपल्या वर्कशॉपमध्ये तर व्हर्निअरपासून सगळं आहे. सरांना विनंती आहे की, महिन्यातला एक शनिवार पोरांच्या गाड्या तपासायला द्यावा. क्लिअरन्स पाठ करण्यापेक्षा तो स्वतःच्या गाडीवर मोजला, तर जास्त लक्षात राहील. आणि मोजणारा पोरगा सुट्टीत गावाकडे धडधाकट पोहोचेल.