उजेड एकाचा, किरण दुसऱ्याचे

हिवाळ्याच्या रात्री मृग नक्षत्रातील बाणाच्या तीन ताऱ्यांची रेषा आग्नेयेकडे वाढवली, की दृष्टी एका निळसर शुभ्र ताऱ्यावर स्थिरावते. हा व्याध. रात्रीच्या आकाशातील हा सर्वांत तेजस्वी तारा आपल्यापासून अवघ्या ८.६ प्रकाशवर्षांवर आहे. इतक्या जवळच्या आणि परिचित ताऱ्यानेही विसाव्या शतकात शास्त्रज्ञांना एक कोडे घातले.

व्याध एकटा नाही. १८४४ मध्ये जर्मन ज्योतिर्विद फ्रीडरिख बेसेल यांनी त्याच्या नागमोडी गतीवरून, त्याला न दिसणारा सोबती असावा, असा निष्कर्ष काढला. १८६२ मध्ये अमेरिकेत नवी दुर्बीण तपासून पाहत असता अल्वन ग्रॅहम क्लार्क यांना तो सोबती प्रत्यक्ष दिसला. मोठा तो व्याध-अ आणि सोबती व्याध-ब. सुमारे ५० वर्षांत त्यांची परस्परांभोवती एक फेरी पूर्ण होते. व्याध-ब हा श्वेतबटू, म्हणजे इंधन संपून आकसलेला तारा आहे. त्याचे वस्तुमान जवळजवळ सूर्याएवढे, आकार मात्र पृथ्वीएवढा. दृश्य प्रकाशात व्याध-अ त्याच्याहून सुमारे १०,००० पट तेजस्वी आहे.

अंतराळातून येणारे क्ष-किरण पृथ्वीचे वातावरण शोषून घेते. ते टिपण्यासाठी उपकरण वातावरणाबाहेर न्यावे लागते. १९७४ मध्ये सोडलेल्या नेदरलँड्सच्या ए.एन.एस. उपग्रहाला व्याधाच्या दिशेने असे किरण येताना आढळले. पण ते दोघांपैकी कोणाचे, हे सांगणे कठीण होते, कारण उपग्रहाच्या उपकरणाला दोन तारे वेगळे दिसत नव्हते.

सूर्याभोवती लाखो अंश तापमानाच्या विरळ वायूचा किरीट असतो व त्यातून क्ष-किरण निघतात. व्याधाच्या जोडीपैकी एकाभोवती तसाच किरीट असावा, असे प्रथम सुचविले गेले. परंतु व्याध-अ सारख्या उष्ण ताऱ्याच्या बाह्यस्तरांत, किरीट तापविणारी सूर्यासारखी खळबळ नसते. व्याध-बच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे २५,००० अंश. क्ष-किरणांसाठी तेही अपुरे वाटत होते. हिशेब कोणत्याही बाजूने जुळेना.

१९७६ मध्ये अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हॅरी शिपमन यांनी निराळा विचार मांडला. श्वेतबटूचे गुरुत्वाकर्षण इतके प्रबळ असते, की जड मूलद्रव्ये खाली बसतात आणि वर जवळजवळ शुद्ध हायड्रोजन उरतो. हा हायड्रोजन सौम्य क्ष-किरणांना फारसा अडवत नाही. त्यामुळे अधिक उष्ण अशा आतल्या थरांतील किरण त्यातून थेट बाहेर येतात. किरीटाची गरजच उरत नाही.

ऑक्टोबर १९९९ मध्ये ‘चंद्रा’ या क्ष-किरण वेधशाळेने व्याधाकडे रोख धरला. तिच्या चित्रात दोन्ही तारे वेगवेगळे उमटले, पण नेहमीचा क्रम उलटा झाला होता: झळाळत होता तो लहानगा व्याध-ब, आणि मोठा व्याध-अ मंद ठिपक्यासारखा दिसत होता. हा मंद ठिपकादेखील कदाचित क्ष-किरणांचा नसावा, उपकरणाच्या गाळणीतून पाझरलेल्या अतिनील प्रकाशाचा असावा, असे निरीक्षकांनी चित्राबरोबरच स्पष्ट केले. आपल्याच उपकरणातील उणीव त्यांनी झाकून ठेवली नाही, म्हणूनच त्यांच्या निष्कर्षाला वजन आले.

ही वेधशाळा सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्या नावाने ओळखली जाते. १९३० मध्ये एकोणीस वर्षांचे चंद्रशेखर मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले, आणि त्या प्रवासात त्यांनी श्वेतबटूच्या वस्तुमानाला कमाल मर्यादा असते, असे गणिताने ताडले. ती मर्यादा आज सूर्याच्या सुमारे १.४ पट मानली जाते.

पुढच्या वेळी व्याध लखलखताना दिसला, की त्याच्या शेजारच्या त्या न दिसणाऱ्या ताऱ्याचीही आठवण ठेवावी. डोळ्यांना दिसणारा सगळा उजेड मोठ्याच्या नावे जमा होतो. क्ष-किरणांचे खाते मात्र धाकट्याच्या नावावर आहे.