संगणकातले खंडणीखोर



दुकानदाराकडून खंडणी उकळणारे गुंड आपल्या वस्त्यांनी पुष्कळ पाहिले. तोच धंदा आता संगणकात शिरला आहे. त्याला रॅन्समवेअर म्हणतात. आपल्याच घरातल्या पेटीला कोणी परक्याने आपले कुलूप घालावे आणि किल्लीचे पैसे मागावेत, तसा हा प्रकार. फाईल जागेवर दिसते, पण उघडत नाही.

हे दुखणे फक्त मोठ्या कंपन्यांचे, असे कोणी समजू नये. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे पाच सर्व्हर असेच बंद पडले. सुमारे १.३ टेराबाइट माहितीला कुलूप लागले. नावनोंदणी, दाखल करणे, घरी सोडणे, सारे काम हाताने लिहून करावे लागले. खाजगी दवाखाना ज्याला परवडत नाही, तोच माणूस तिथे रांगेत उभा असतो. बहुतेक कामे रुळावर यायला दोन आठवडे गेले. तीही आली, कारण माहितीची एक प्रत वेगळ्या सर्व्हरवर होती आणि तिथवर हे कुलूप पोचले नव्हते.

नेमके हेच आमच्या परिचयाच्या एका मुलाकडे नव्हते. तो झेरॉक्स-टायपिंगचे दुकान चालवतो. लोकांच्या जात पडताळणीच्या फायली, बचत गटाचे हिशेब, सगळे त्याच्या संगणकात. एकदा ईमेलने ‘बिल’ म्हणून आलेली फाईल त्याने उघडली आणि सगळेच गोठले. प्रत ठेवायला त्याने वेगळी हार्ड डिस्क घेतली होती, नाही असे नाही. पण ती रात्रंदिवस संगणकालाच जोडलेली! तिलाही कुलूप लागले. एका मुलीचे कागद पुन्हा गोळा करता करता तिच्या वडिलांचे तीन खाडे झाले. रोजंदारीवरच्या माणसाचे तीन खाडे म्हणजे काय, हे आम्ही आपणांस सांगायला नको.

तेव्हा प्रत काढली की डिस्क काढून ठेवावी. संगणक ‘अपडेट’ मागतो तेव्हा ते टाळू नये. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने दीडशेहून अधिक देशांत धुमाकूळ घातला, ब्रिटनची सरकारी रुग्णालयेही अडकली, त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. मित्राकडून फुकट आणलेले चोरीचे सॉफ्टवेअर तर घरात घेऊच नये.

घाला पडलाच तर आधी इंटरनेट तोडावे, जोडलेली डिस्क काढावी. पैसे देऊ नयेत. देऊनही किल्ली मिळेलच असे नाही. १९३० वर फोन करावा, पोलिसांत तक्रार द्यावी. युरोपच्या पोलिसांनी चालवलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर काही कुलुपांच्या किल्ल्या फुकट मिळतात. सगळ्यांच्या नव्हे.

त्या मुलाने आता दोन डिस्क घेतल्या आहेत. एक दुकानात प्रत काढण्यापुरती जोडतो, दुसरी घरी आईच्या ट्रंकेत असते. दर शनिवारी त्यांची अदलाबदल होते.